आमच्या अंगणातली फायनल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीनं मला ‘माझी वाटचाल’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. माझी वाटचाल दोन वाक्यांत संपते. इथून पुण्याला गेले, इंजिनिअरिंग केलं, आणि तेव्हापासून कॉम्प्युटरसमोर बसले आहे ती आजतागायत. त्यात ऐकण्यासारखं काही नाही. सॉफ्टवेअरचं काम म्हणजे दिवसभर चुका शोधायच्या आणि त्यातल्या निम्म्या आपल्याच निघायच्या. म्हणून त्याऐवजी मी तुम्हाला एका रात्रीची गोष्ट सांगते. तुमच्यातले काही जण त्या रात्री आमच्या अंगणात होते, त्यांनी माझं काही चुकलं तर दुरुस्त करावं.

18 डिसेंबर 2022, रविवार. कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची वर्ल्ड कपची फायनल, आपल्याकडे रात्री साडेआठला. आणि त्याच दिवशी आपल्या राज्यातल्या सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचं मतदान. त्यात आपलं गावही होतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता, जागा महिलेसाठी राखीव. एका पॅनलकडून माझी चुलत वहिनी उभी होती, दुसऱ्याकडून आमच्या शेजारच्या काकांची सून. आमचं घर आणि काकांचं घर यांच्यात एकच भिंत आहे, हे तुम्हाला माहीत आहे. अण्णा होते तोवर त्या भिंतीवरून रोज सकाळी चहा आणि पेपर इकडून तिकडे जायचा. अर्ज भरल्यापासून तीन आठवडे भिंतीपलीकडून शब्दही येत नव्हता. आई म्हणायची, “खोकलं तरी आवाज दाबून खोकायलेत.”

मी आणि आमचे हे लेकीला घेऊन शनिवारी आलो होतो. लेक माझ्यावर रागावलेली. पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर मॅच होती, मैत्रिणी होत्या, पिझ्झा होता, आणि मी तिला धारूरचा घाट चढवून इथं आणलं होतं. तिची समजूत काढायला मी गाडीत प्रोजेक्टर टाकला होता. मॅच आपण घरी बघू, असं ठरलं. रविवारी सकाळी मनात आलं, घरी म्हणजे आपणच चौघं? अण्णा 2021 मध्ये गेले. तेव्हापासून आमच्या अंगणात सतरंजी पडली नव्हती.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “येडी हाईस का? मतदानाच्या राती कुणी कुणाच्या दारात जात नसतं.”

तिचं खरं होतं. मतदान संपल्यावरची रात्र गावात कशी असते ते तुम्ही जाणता. कुणी किती वाटलं, कुणी फिरलं, कुणाच्या गाडीतून कोण आलं. दारू बंद असते म्हणतात, पण ती फक्त दुकानात. त्यामुळं मी बोलावताना एक अट घातली: अंगणात निवडणुकीचं नाव काढायचं नाही. दोन्ही पॅनलच्या घरांना स्वतः जाऊन सांगितलं. शेजारच्या काकांकडे गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, “फुटबॉल? त्यातलं आमाला काय कळतं?” आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

आता थोडं खाण्याचं सांगते, कारण घरी मॅच ठेवायची तर अर्धं काम तेच असतं. भाकरी करायची नाही असं मी आधीच जाहीर केलं. भाकरी ठेवली की चार बाया चुलीपुढून उठत नाहीत, आणि बाहेर गोल झाला की “काय झालं गं” एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. म्हणून तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून पातेलंभर उकडल्या, डिसेंबरात त्या कुणाच्याही शेतात मिळतात. भुईमुगाच्या शेंगा भाजून ठेवल्या. मुरमुऱ्याची सुशीला सातच्या आत करून झाकून ठेवली. चहाचं मोठं पातेलं अंगणातच तीन दगडांवर ठेवलं, बाजूला शेकोटी. साल कुठं टाकायची, कप कुठं ठेवायचे, सगळं बाहेर. आठ वाजता आई पदर खोचून बाहेर आली आणि पहिल्या रांगेत बसली. मी तिला कधी मॅचला पहिल्या रांगेत बसलेली पाहिलं नव्हतं. खरं तर कुठंच पहिल्या रांगेत पाहिलं नव्हतं.

पडदा म्हणजे पांढरी चादर, गोठ्याच्या भिंतीला खिळे मारून ताणलेली. सामना मोबाइलच्या ॲपवर फुकट दिसत होता, पण मी डिशचा सेट-टॉप बॉक्स प्रोजेक्टरला जोडला. भाच्याला वाटलं, इंजिनिअर आत्या जुन्या वळणाची आहे. तसं नाही. मोबाइलवर चित्र सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, फोन त्यातले दोन-चार आधी साठवून घेतो आणि मग दाखवायला लागतो. त्यामुळं डिशवर झालेला गोल मोबाइलवर वीस-तीस सेकंदांनी होतो. शेजारी ओरडले की आपल्याला कळतं, आता आपल्याकडे काहीतरी होणार आहे. मॅचची गंमतच जाते.

माझं स्वतःचं फुटबॉल म्हणाल तर ते वसतिगृहातलं. आपल्या शाळेत मुलींना लंगडी आणि खो-खो, फुटबॉल मुलांचा. इंजिनिअरिंगला माझी रूममेट कोल्हापूरची होती. तिच्याकडून मला कळलं की आपल्याच महाराष्ट्रात असं एक शहर आहे, जिथं कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ती अशी घ्यायची जशी आपण गावातल्या भावकीची घेतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तिकडं जातात, आणि वर्ल्ड कपला गल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. 2002 ची फायनल, ब्राझील-जर्मनी, मी तिच्या शेजारी बसून पाहिली. रविवारची दुपार होती. ऑफसाइड मला तिनं मेसच्या टेबलावर मिठाची डबी आणि चमचे मांडून शिकवला. तरी तो मला नीट कळला असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

साडेआठपर्यंत अंगणात पन्नास-साठ माणसं झाली. तुळशीच्या एका बाजूला एक पॅनल, दुसऱ्या बाजूला दुसरं. मी काही मांडलं नव्हतं, माणसं आपोआप तशी बसली. एका बाजूनं मेस्सीसाठी अर्जेंटिना धरली, म्हणून दुसऱ्या बाजूनं फ्रान्स धरला. फ्रान्सचा एकही खेळाडू त्यांना माहीत नव्हता. काका आले नव्हते. भिंतीपलीकडं त्यांच्या ओट्यावरचा दिवा मात्र चालू होता.

पहिला अर्धा तास फ्रान्स कुठं दिसलाच नाही. तेविसाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, छत्तिसाव्याला डी मारियाचा गोल. दोन-शून्य. अर्जेंटिनावाल्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या आणि कुणीतरी म्हणालं, “निकाल लागला, परवा फक्त गुलाल.” माझी अट तिथं मोडली. समोरून एक जण उठून उभा राहिला. माझ्या पोटात गोळा आला. आई मागं न वळता म्हणाली, “खाली बस रे, पडद्यावर डोकं दिसायलंय.” तो बसला.

तेव्हा फाटकाजवळून एक बारका आवाज आला, “अजून निकाल न्हाई. त्यांनी दोन गडी बदललेत. आता पळणारे आलेत.”

अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. अंगात अर्जेंटिनाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, बाजारातला, दोन मापं मोठा. अर्जेंटिनाचा असूनही तो फ्रान्सबद्दल खरं बोलत होता, हे मला आवडलं. हाफटाइम व्हायच्या आधीच फ्रान्सच्या प्रशिक्षकानं दोन खेळाडू बाहेर काढले होते आणि आम्ही कुणी त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. मी त्याला आत येऊन बस म्हटलं. तो फाटकापाशीच उभा राहिला.

हा मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला होता. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. आपल्या गावातले निम्मे कोयते तेव्हा कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात असतात. मतदानासाठी दोन्ही पॅनलनं गाड्या पाठवून त्यांना रातोरात आणलं होतं आणि त्याच रात्री परत न्यायचं होतं. एक दिवसाचाही खाडा पडला तर मुकादम उचलीत धरतो. क्रूझर गाड्या पारापाशी उभ्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर आमच्या अंगणात शेंगा खात मॅच बघत होते. एरवी वर्ल्ड कप जून-जुलैत असतो, तेव्हा ही माणसं गावात असतात. त्या वर्षी कतारच्या उन्हामुळं तो पहिल्यांदाच नोव्हेंबर-डिसेंबरात घेतला आणि बरोबर हंगामात आला.

दहा वाजून गेले होते. मॅचची शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली होती, आणि लाइट गेली.

अंगणात काळोख. मी निवांत होते, कारण घरात इन्व्हर्टर आहे, आणि प्रोजेक्टर मी मुद्दाम त्याच्याच बोर्डवर लावला होता. इन्व्हर्टरनं एक शिट्टी मारली, दिवा लाल झाला आणि तोही गेला. बॅटरीचं झाकण उघडून टॉर्चनं पाहिलं तर आत पाणीच नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम अण्णांचं होतं. ते गेल्यावर दीड वर्षात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आईला माहीत नव्हतं, आणि मला, जिनं प्रोजेक्टर, केबल, जादा रिमोट, सगळ्याची यादी केली होती, तिला आठवलं नाही. मी त्या बॅटरीसमोर खाली बसले. थोडा वेळ मला मॅचचं भानच नव्हतं.

बाहेर गलका वाढला. काळोखात दोन पॅनलची माणसं, हे काही बरं नव्हतं. मी माझा मोबाइल काढला, ॲप चालू केलं आणि जवळ जो होता त्याच्या हातात दिला. तो हाच मुलगा होता. म्हटलं, ओट्यावर चढ आणि सगळ्यांना सांग.

त्यानं जे सांगितलं ते ज्यांनी ऐकलं ते अजून बोलतात. तो रेडिओवर ऐकलेलं बोलत नव्हता. मैदान कसं आहे, चेंडू कुठल्या कडेला आहे, कोण मोकळा आहे, हे तो आपल्या गावच्या खुणांनी सांगत होता: “चेंडू गोठ्याकडल्या बाजूला हाय, एम्बाप्पे तुळशीपाशी एकटाच उभा हाय.” मग ओरडला, “पेनल्टी! फ्रान्सला पेनल्टी!” लोकांना वाटलं चेष्टा करतोय. “गोल! दोन-एक.” अर्जेंटिनावाले म्हणाले, असू दे, एकच आहे. दीड-दोन मिनिटं गेली नसतील, त्याचा आवाज चिरकला, “अजून एक. त्यानंच. दोन-दोन.” आता कुणी विश्वास ठेवेना. एक जण म्हणाला, “आण इकडं मोबाइल, पोरगं बनवायलंय.” मोबाइल पाहिला, आणि अंगणात एकदम शांतता. ऐंशीव्या आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला एम्बाप्पेनं दोन गोल मारले होते. अवघ्या जगानं ते डोळ्यांनी पाहिले, आम्ही कानांनी.

त्या शांततेत भिंतीवरून आवाज आला. “घे गं, हे लाव.”

काकांनी त्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर काढली होती आणि एक्स्टेंशन बोर्ड भिंतीवरून खाली सोडत होते. मी तो धरला. ते म्हणाले, “बॅटरीत पाणी न्हाई ना? मला वाटलंच. अण्णा गेल्यापासून कोण घालणार.” आणि मग फाटकानं वळसा घालून खुर्ची हातात घेऊन आले. कुठल्या बाजूला बसायचं म्हणून क्षणभर थांबले, आणि आईच्या मागं, मधोमध, खुर्ची टेकवली.

सेट-टॉप बॉक्स पुन्हा सुरू व्हायला त्याचा वेळ घेतोच. चित्र आलं तेव्हा जादा वेळ सुरू व्हायच्या बेतात होता. पुढचं तुम्ही पाहिलंत. मेस्सीचा दुसरा, एम्बाप्पेचा तिसरा, शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाच्या गोलकीपरनं पायानं अडवलेला तो चेंडू, आणि मग पेनल्ट्या. त्या वेळेपर्यंत कोण कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. वहिनी आणि काकांची सून, दोघी उमेदवार, एकाच घोंगडीत पाय घालून बसल्या होत्या. अर्जेंटिना चार-दोननं जिंकली. मेस्सीला करंडक देताना अंगावर काळा झगा घातला, तर आई म्हणाली, “तिकडंबी शाल पांघरूनच सत्कार करतेत की.”

20 तारखेला कोण निवडून आलं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. ते मी पुन्हा काढत नाही. भिंतीवरून पेपर जायला पुढं आणखी महिना लागला, हेही खरं.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. पेनल्ट्या चालू असताना फाटकाशी एक बाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती, मुलाला न्यायला आलेली. ड्रायव्हर उठत नव्हते म्हणून तिलाही थांबावं लागलं. मी तिला चहा दिला. तिनं कप घेतला आणि माझं शाळेतलं नाव घेतलं, जे आता आईसुद्धा घेत नाही. म्हणाली, “वळखलं न्हाईस ना? सातवीत लंगडीत तुला मीच बाद करायचे.”

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या दोघी-तिघींना आता कळलं असेल मी कुणाबद्दल बोलते आहे. माझ्या बाकावर बसायची. गणितात माझ्यापुढं होती, गुरुजी फळ्यावरचं उदाहरण तिच्याकडून तपासून घ्यायचे. आठवीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. तेव्हा आपण कुणी विचारलंही नाही, कारण दर दिवाळीनंतर वर्ग थोडा रिकामा व्हायचाच. चार-पाच जण उन्हाळ्यात परत यायचे, एक-दोन यायचे नाहीत.

मी विचारलं, मुलगा शाळेत जातो का. म्हणाली, “नाव इथं हाय, पोरगं तिथं हाय. सासू होती तवर तिच्यापाशी ठेवायचे. आता कुणापाशी ठेवू?” कोल्हापूर जिल्ह्यात त्यांच्या खोप्यांजवळ एक मैदान आहे. संध्याकाळी मोळ्या बांधून झाल्या की तो तिथल्या पोरांत खेळायला जातो. मोठ्या मॅचच्या रात्री तिथं पडदा लावतात, तोही तो बघतो. “त्येला समदं तिथंच कळलं,” ती म्हणाली. मला माझी रूममेट आठवली, मिठाची डबी आणि चमचे आठवले. आम्ही दोघी एका बाकावरून निघालो, दोघींनी फुटबॉल कोल्हापूरकडूनच घेतला. मी तो वसतिगृहात, तिच्या मुलानं तो फडाच्या कडेला.

मुलगा मोबाइल परत द्यायला आला. मी त्याला ऑफसाइड विचारला. त्यानं जमिनीवर शेंगांची टरफलं मांडली आणि एका मिनिटात सांगितला. त्याची आई बघत होती. मग ड्रायव्हरनं हॉर्न दिला. उकडलेल्या शेंगा उरल्या होत्या त्या मी पिशवीत बांधून दिल्या. दुसरं काय द्यावं ते मला त्या वेळी सुचलं नाही. गाडीत चौदा-पंधरा माणसं होती, सकाळी त्यांना फडात उभं राहायचं होतं.

या मेळाव्याची यादी तयार होत होती तेव्हा मी समितीला तिचं नाव दिलं. समितीतल्या मित्रानं विचारलं, “ती दहावीला होती का?” नव्हती. यादी दहावीच्या निकालावरून केली होती, त्यामुळं नाव बसलं नाही. मी त्याच्यावर रागावलेले नाही, त्याच्या जागी मीही निकालाचाच कागद उघडला असता. पण आपण पाचवीला किती होतो ते आठवून बघा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करावी, एवढी माझी समितीला विनंती आहे. ते काम मी करीन. नावं शोधणं, नंबर जुळवणं, हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

आणि मेळावा दिवाळीत ठेवू नये. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, काही तर आधीच निघालेल्या असतात. पुढचा वर्ल्ड कप 2026 मध्ये आहे, 11 जून ते 19 जुलै, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. सामने आपल्याकडे रात्री उशिरा किंवा पहाटे दिसतील, जागरण होईल, पावसाचे दिवस असतील म्हणून अंगणाऐवजी पडवीत बसावं लागेल. पण तेव्हा फड बंद असतात आणि सगळे गावात असतात. आईनं आत्ताच विचारलं आहे, सुशीला किती माणसांची करायची.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत मी काल पाणी घातलं. काका टॉर्च धरून उभे होते.